एका सदऱ्यावर

१४ नोव्हेंबर

पत्राच्या डोक्यावर तुला काय म्हणावं, हे ठरवण्यात दोन कागद फुकट गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील. ‘सौ.’ लिहिलं तर म्हणशील, आता बरं आठवलं. म्हणून वरची जागा कोरी सोडली आहे. मनाला येईल ते घालून घे.

फोन तू घेत नाहीस. तुझी बहीण घेते आणि दर वेळी म्हणते, ‘भाऊजी, ती कामात आहे.’ तिच्या लोकरीच्या दुकानात चारही प्रहर एवढं काय काम असतं कोण जाणे. काल मात्र तिला माझी दया आली असावी. म्हणाली, पत्र लिहा, पत्र ती वाचेल. तुमचा आवाज ऐकला की तिचं डोकं उठतं. म्हणून हे पत्र.

घर ठीक आहे. न्हाणीतला नळ दुरुस्त केला. कुंडीतली तुळस आहे. ग्रंथालयात बांधणीला या महिन्यात मोठा गठ्ठा आला आहे, सगळी जुनी पाठ सुटलेली पुस्तकं. थंडीने खळ लवकर घट्ट होते आणि वाळायला मात्र दुप्पट वेळ घेते, त्यामुळे दाबायच्या शिकंज्यात पुस्तक दोन दोन दिवस अडकून पडतं. मधे चार दिवस मी कामावर गेलो नव्हतो. विशेष काही नाही.

एक विचारायचं होतं. माझी कानटोपी आणि हातमोजे घरात कुठे आहेत? मी घालणार आहे असं नाही. नुसतं विचारतो.

१९ नोव्हेंबर

तुझ्या बहिणीकडून निरोप मिळाला की टोपी कपाटात वरच्या खणात, डाव्या हाताला. आणि पुढे तू विचारलंस म्हणे, ‘विशेष काही नाही म्हणजे काय ते विचार.’ माझं वाक्य तू बरोबर पकडलंस. सतरा वर्षांचा संसार आहे, लपवून लपवणार काय.

छातीत कळ आली होती. ग्रंथालयात, शिकंज्याचा दांडा पिळताना. डाव्या हातात उतरली. ग्रंथपालबाईंनी रिक्षा बोलावली, चार दिवस दवाखान्यात होतो. एका नळीत अडथळा होता, तो काढला. आता बरा आहे. तुला कळवलं नाही कारण कळवलं असतं तर तू आली असतीस, आणि आजारपणाने तुला बोलावून घेणं मला बरं वाटलं नाही. तू गेलीस ती मी धडधाकट असताना. परत यायचं तर तेही मी धडधाकट असतानाच ये.

डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं आहे. घरातल्या घरात नाही, मोकळ्यावर. दवाखान्याची एक व्यायाम शिकवणारी मुलगी आहे, पंचवीस-सव्वीसची असेल. आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. आम्ही म्हणजे सात जण, सगळे हृदय दुरुस्त करून घेतलेले. साडेसहाला पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानावर जमायचं. गवतावर पांढरं दव असतं आणि सातही जणांच्या तोंडातून वाफ निघते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सात किटल्या एकमेकींशी बोलतायत.

पहिल्या दिवशी ती आम्हाला एक पाऊल चालू देईना. अर्धा तास नुसते कपडे. थंडीत बाहेरच्या व्यायामाला तीन थर घालायचे. अंगालगतचा पातळ, पण सुती नको. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं, मग वारा लागला की तोच घाम अंगावर बर्फासारखा होतो. त्यावर उबेचा थर. सगळ्यात वर वारा अडवणारा. डोकं आणि कान झाकायचे. हातमोजे. नाकातोंडावरून मफलर, म्हणजे आत जाणारी हवा जरा कोमट होऊन जाते. थंडीने रक्ताच्या नळ्या आवळतात, म्हणून आमच्यासारख्यांना हे चैनीचं नाही, औषधाइतकं गरजेचं आहे, असं तिने बजावलं.

आमच्यात एक म्हातारा शिंपी आहे. त्याने एवढाल्या थरांवर तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, ‘पोरी, एवढं घातल्यावर चालायचं कसं, घरंगळायचं?’ ती म्हणाली, ‘मामा, उलट आहे. घरातून निघतानाच ऊब वाटली तर समजा कपडे जास्त झाले. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांनी अंग तापतं. तापलं की घाम फुटायच्या आधी एक थर काढायचा, कमरेला बांधायचा. थांबलात की लगेच परत घालायचा. आणि घरी गेल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, आधी ओले कपडे बदलायचे.’

हे सगळं मी तुला इतकं खुलवून का लिहितोय, कळत नाही. तुला लोकरीतलं कळतं, म्हणून असेल.

टोपी सापडली.

२४ नोव्हेंबर

तुझ्या बहिणीने विचारलं, तुम्ही काय घालून जाता. मी म्हणालो, घालतो काहीतरी. ते खोटं होतं. पत्रात खोटं लिहायला हात उचलत नाही, म्हणून सांगतो. मास्तरीणबाईंनी मला मैदानावरून परत पाठवलं आहे.

तू मला असं नऊ हिवाळे बघितलं आहेस. दहाव्या हिवाळ्यातही मी तसाच आहे. एक सदरा. दोन दिवस ती काही बोलली नाही, तिला वाटलं असेल, गरीब माणूस आहे. तिसऱ्या दिवशी तिने कुणाचं तरी जुनं जाकीट पिशवीत घालून आणलं. मी नको म्हणालो. चौथ्या दिवशी फाटकातच आडवी उभी राहिली. ‘काका, या सदऱ्यात मी तुम्हाला चालू देणार नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर मी काय सांगू? काका हट्टी होते म्हणून?’ मी म्हणालो, मला सवय आहे. ती म्हणाली, ‘तुम्हाला असेल. तुमच्या हृदयाला नाही.’

मग मी वळलो. तिचं चुकलेलं नाही. शिंपीमामा मागून म्हणाले, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्यांचंही चुकलेलं नाही.

आता मी एकटा चालतो, कालव्याकाठच्या रस्त्याने. चालणं चुकवत नाही. फक्त वारा तिथे जास्त आहे. चालताना तुझं निघतानाचं बोलणं आठवत राहतं. दारात बॅग होती आणि तू आवाज न चढवता म्हणालीस, ‘नऊ हिवाळे मी तुमच्यासाठी विणलं. दहाव्या हिवाळ्यात बहिणीच्या कुत्र्यासाठी विणते. तो निदान अंगात तरी घालेल.’ मी काही उत्तर देईन म्हणून तू जरा थांबलीस. मी तुझी बॅग उचलून रिक्षात ठेवली. एवढंच केलं.

विणलंस का कुत्र्याला?

२ डिसेंबर

आज जे झालं ते दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायच्या आधी मीच लिहितो.

सकाळी गवत करकरत होतं. वारा समोरून. पुलापर्यंत नीट गेलो. परत फिरलो आणि छातीवर कुणीतरी गुडघा टेकवल्यासारखं झालं. मैलाच्या दगडावर बसलो. जिभेखाली ठेवायची गोळी वरच्या खिशात होती, पण बोटं अशी बधिरलेली की खिशाचं बटण निघेना. बटण न निघण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीने माणूस जाऊ शकतो, हे मी तिथे बसून अगदी शांतपणे पाहत होतो.

शिंपीमामा आले. मैदानावरचं चालणं संपवून ते त्या बाजूला दुधाला जातात. त्यांनी बटण तोडलं, गोळी जिभेखाली ठेवली आणि स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर घातला. त्यांचं वय अडुसष्ट. त्यांचंही हृदय दुरुस्त केलेलं. कोट गरम होता, आताच अंगावरून उतरवलेला.

मी तो ढकलून दिला. दोन्ही हातांनी. बटण काढायला जी बोटं हलत नव्हती, ती कोट ढकलायला हलली. कोट चिखलात पडला.

मामांनी तो उचलला, झटकला, आणि म्हणाले, ‘मरायचं असेल तर घरी जाऊन मरा. माझा कोट चिखलात घालू नका. मी स्वतः शिवलेला आहे.’

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. स्वतः शिवलेला आहे, एवढंच म्हणाले आणि कोट न घालता, हातावर टाकून, माझ्यासोबत दवाखान्यापर्यंत आले. मी कितीदा म्हणालो, मामा, कोट घाला. ते म्हणाले, तुम्ही घाला, मग मी घालतो. असे आम्ही दोघे मूर्ख थंडीतून गेलो.

दवाखान्यात मास्तरीणबाईंनी आम्हाला बघितलं. मामांना आधी चहा दिला. मग माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, ‘काका, कुणाशी पैज लावली आहे का?’

मी म्हणालो, तसंच काहीसं.

‘कुणाशी?’

मी बटण तुटलेला खिसा चाचपला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि नंतर तिने, का कुणास ठाऊक, एकदा छताकडे बघितलं. मुलगी हुशार आहे.

काळजीचं कारण नाही, घरी सोडलं आहे. पण तो कोट ढकलताना माझे हात मला ओळखीचे वाटले. तुझ्यासमोर नऊ वेळा ते तसेच पुढे झाले आहेत. तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

४ डिसेंबर

सकाळपासून दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. घरातल्या घरात फेऱ्या मारतो आहे. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. ग्रंथालयातून रजा दिली आहे, ती नसती तर बरं होतं. हातात सुई-दोरा असला की मन जरा जागेवर राहतं.

आई म्हणायची, देवाशी बोललेलं माणसाजवळ बोललं की देव मोकळा होतो. मग त्याच्यावर काही बंधन राहत नाही. हे मी लहानपणी ऐकलं आणि त्यावर कधी शंका घेतली नाही. गुरुजींनी पाढे शिकवले तसंच ते. बे दुणे चार आणि सांगितलेला नवस गेला.

तुझ्यावर हे लिहिण्याचा काय परिणाम होईल, तेवढंच मला कळत नाही. माझ्यावर होणार असता तर कधीच लिहिलं असतं.

आज इतकंच.

५ डिसेंबर

लिहितो.

दहा वर्षांपूर्वी तू दवाखान्यात होतीस ते अठरा दिवस. पाचव्या दिवशी तुझा ताप मेंदूत गेला होता आणि तू मला ओळखत नव्हतीस. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आता दोन्ही जीव अवघड आहेत, बघू. आणि आत गेले. मी बाहेरच्या बाकावर होतो. अंगात तू विणलेला करडा स्वेटर होता. त्या बाकावर मी देवाशी बोललो. ही वाचू दे. ही वाचली तर यापुढे जन्मभर थंडी एका सदऱ्यावर काढीन, उबेचं काही अंगात घालणार नाही, आणि कुणाला सांगणार नाही. स्वेटर तिथेच काढला आणि पिशवीत घातला.

तू वाचलीस.

पाळणं सोपं नव्हतं, आणि मी ते अगदी शुद्ध पाळलं असंही नाही. पहिले दोन हिवाळे खाली बनियनही नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की बनियन म्हणजे काही सदरा नव्हे. गोधडी अंगात घालत नाहीत, अंगावर घेतात, म्हणून तिला पहिल्यापासून सूट होती. टोपीचं अजून ठरलेलं नाही. इतका वकिली देवभक्त तू पाहिला नसशील. पण स्वेटरला कुठलीच पळवाट नव्हती, आणि तू दर हिवाळ्यात नवा विणून समोर यायचीस. मी म्हणायचो, ठेव तिथे. तुझ्या हाताकडे बघायचोही नाही. बघितलं असतं तर घेतला असता.

आता यातलं जे मी स्वतःलाही पुन्हा सांगत नाही, ते. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही जीव. तेव्हा बाळ होतं. सहावा महिना चालू होता. आणि मी एकच जीव मागितला. दोन मागायची माझी छाती झाली नाही. वाटलं, जास्त मागितलं तर दोन्ही जातील. बाजारात घासाघीस करणारा माणूस करतो तसा हिशेब मी देवापुढे बसून केला. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. मी मागितलं तेवढंच मला मिळालं.

हे तुला सांगणं म्हणजे नवस मोडणं. मोडला. आता तुझी काळजी कुणावर सोपवू, कळत नाही. पत्र टाकायला निघतो आहे. थांबलो तर टाकणार नाही.

१३ डिसेंबर

आठ दिवस झाले. पत्र पोचायला तीन दिवस लागतात हे मला माहीत आहे, तरी मी चौथ्या दिवसापासून वेड्यासारखा वाट बघतो आहे. फोन केला की तुझी बहीण म्हणते, ती कामात आहे. पूर्वी या वाक्याचा राग यायचा. आता भीती वाटते. काल मी तिला विचारलं, ‘खरंच कामात आहे ना? खरंच आहे ना ती?’  ती म्हणाली, ‘भाऊजी, काय झालंय तुम्हाला?’ मग म्हणाली, आहे, गल्ल्यावर बसली आहे. मी म्हणालो, मग तिला एक शब्द बोलायला सांग. तिने आतमध्ये जाऊन विचारलं. तू नाही म्हणालीस. ‘नाही’ तू स्वतः म्हणालीस की तिने माझी समजूत काढली, हे कसं कळावं?

ग्रंथालयात परत जातो आहे. काल एका पुस्तकाचे फर्मे उलटे शिवले. पहिल्या पानाच्या जागी शेवटचं. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, काही हरकत नाही, या पुस्तकाचा शेवट तसाही सगळ्यांना माहीत आहे. मी उसवून परत शिवलं.

आणि मी अजून एकाच सदऱ्यावर आहे. नवस मोडला म्हणजे दोन्ही बाजूंनी मोडला, की माझी बाजू मी पाळत राहिलो तर देव त्याची पाळेल? याचं उत्तर कुणाला विचारायचं? शिंपीमामांना विचारून पाहिलं, सगळं न सांगता. मामा, एखाद्याने शब्द दिला आणि तो ज्याच्यासाठी दिला त्यालाच त्याचा त्रास झाला तर? ते म्हणाले, ‘मी माप न घेता कपडा शिवत नाही. बसला तर बसला, हा धंदा नव्हे.’

बोल. रागाने बोल, पण बोल.

१७ डिसेंबर

तुझं पत्र काल दुपारी आलं. अक्षर पाहिलं आणि पायऱ्यांवरच बसलो. तुझं अक्षर होतं म्हणजे तू होतीस. वाचायला घेतलं ते नंतर.

तुझंच पत्र तुला परत लिहून दाखवतो, कारण मला ते पुन्हा एकदा हाताखालून जाऊ द्यायचं आहे. तू लिहितेस:

‘तुमचं पत्र वाचून दोन दिवस माझा हात सुईला लागला नाही. दहा वर्षं मला वाटत होतं, बाळाचा दोष तुम्ही माझ्यावर ठेवला आहे, म्हणून मी केलेलं काही अंगाला लागू देत नाही. मी एकदाही विचारलं नाही, कारण तुम्ही “हो” म्हणाला असता तर मी कुठे गेले असते? तुम्ही देवाजवळ माझा जीव मागितला. मी त्या बाजेवर शुद्ध होती तेवढा वेळ बाळाचा मागत होते, माझा नाही. म्हणजे एका भिंतीच्या दोन बाजूंना आपण दोन वेगळ्या गोष्टी मागत होतो. त्याने कुणाचं ऐकलं, की कुणाचंच ऐकलं नाही आणि डॉक्टर बरे होते, हे आता त्याला विचारू नका. पण माझ्या वतीने बोलायला तुम्हाला कुणी नेमलं होतं? मी काल त्याला स्पष्ट सांगितलं आहे की या माणसाला मी नेमलेलं नव्हतं. माझं मी बघते.

‘आणि नऊ स्वेटर नव्हते. तुम्ही एकदा कपाटाचा खालचा खण उघडला असतात तर कळलं असतं.’

मी कपाट उघडलं. खालचा खण. दहा वर्षं तिकडे मी पाठ करून कपडे काढत आलो, मोह नको म्हणून. मला वाटत होतं, तिथे घडी करून नऊ स्वेटर असतील. तिथे एक गुंडा होता. करड्या लोकरीचा. मधे मधे हिरवी.

पुढचं तुझ्या पत्रात होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर तो स्वेटर मी अंगात घालत नाही हे तू पाहिलंस आणि वाटलं, मापाला बसत नसेल. उन्हाळ्यात उसवलास, पुन्हा विणलास. पुढच्या वर्षी वाटलं, गळा टोचत असेल. गळा बदललास. मग बाह्या. मग पुढे बटणं. पाचव्या वर्षी मुद्दाम हिरवा पट्टा घातलास, निदान हे काय म्हणून तरी विचारीन. नऊ वेळा तीच लोकर. शेवटी ती इतकी झिजली की टाका धरेना, तेव्हा या उन्हाळ्यात उसवलीस आणि विणली नाहीस.

मी त्या गुंड्याचं टोक थोडं सोडवून पाहिलं. सरळ पडत नाही. नऊ विणींची वळणं तिच्यात आहेत.

माझं पाप नवस नव्हता, असं मला आता वाटतं. नवस भीतीने बोललेला होता, त्याची देव क्षमा करील. पण तू समोर उभी राहून माझ्यामुळे रोज थोडी उसवत होतीस, आणि मी देवाकडे लक्ष लावून बसलो होतो की ही नीट आहे ना.

शेवटी तू लिहिलं आहेस, ‘ती मुलगी सांगते तसे कपडे दुकानातून विकत आणा आणि घाला. मी विणून देणार नाही. माझे हात दुखतात.’

तू म्हणतेस म्हणून घालीन. आज, उद्या, बघतो. मन अजून धजत नाही.

२१ डिसेंबर

आज घातले.

काल शिंपीमामांना घेऊन दुकानात गेलो. आधी त्यांच्या घरी जाऊन कोटाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, ‘डाग गेला. बसा. तुमचं माप घेऊ द्या.’ दुकानात विकतचे कपडे घ्यायचे होते, मापाची गरज नव्हती, पण त्यांनी घेतलंच. छाती, खांदा, हात. दुकानदाराने दाखवलेलं प्रत्येक कापड ते दोन बोटांत चुरगाळून बघत होते आणि नाक मुरडत होते. शेवटी अंगालगतचा एक पातळ, न भिजणारा, मधला मऊ बिनलोकरीचा, आणि वरचं वाऱ्याचं जाकीट असं घेतलं. जाकिटाचा रंग नारिंगी आहे. दुसऱ्या रंगात माझं माप नव्हतं.

सकाळी अंगात चढवायला घेतले. पहिला थर. काही झालं नाही. दुसरा चढवला आणि दारात थांबलो. तिसऱ्याची चेन लावायला पाच मिनिटं लागली. देवाला म्हणालो, तिने तुला सांगितलं आहे म्हणे. मला काही मागायचं नाही. आज मी फक्त चालायला जातो आहे.

मास्तरीणबाई फाटकात होती. वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तिने फक्त माझ्या मफलरचं टोक नाकावर ओढलं आणि विचारलं, ‘थंडी वाजतेय का थोडी?’ मी म्हणालो, वाजते. ‘मग बरोबर आहे. चला.’

पहिल्या फेरीत थंडी होती. दुसऱ्या फेरीत पाठीवर काहीतरी येऊन बसलं, मला कळेना काय. मग लक्षात आलं, ऊब. मला ती चांगली वाटली नाही. दुसऱ्याची वस्तू खिशात निघावी तसं झालं. एकेका पावलाला वाटत होतं, आता तिकडे काहीतरी झालं. आता दुकानाच्या पायरीवरून तू घसरलीस. आता तुला ताप भरला. ‘काका, भरभर चालू नका, घाम येईल,’ मास्तरीणबाई ओरडली. मी कुठे भरभर चाललो होतो, मी पळत होतो. तिने मला थांबवून वरचं जाकीट काढायला लावलं, कमरेला बांधलं, नाडी बघितली आणि म्हणाली, नाडीला काही दुखणं नाही. घाबरलेली आहे नुसती. फोन करायचा असेल तर करा आणि मग या.

मी फाटकाजवळ जाऊन फोन लावला. पावणेसात वाजले होते. तुझ्या बहिणीने घेतला. मी म्हणालो, कामात आहे ना ती? ती म्हणाली, आहे. मी म्हणालो, बोलवू नकोस. फक्त फोन जरा तसाच धरून ठेव.

तिने धरला. आधी नळाचा आवाज आला. मग कुत्रं भुंकलं. आणि मग तू. कुणीतरी लोकरीचे गठ्ठे ओल्या ओट्यावर ठेवले होते. ओटा मी पुसायचा आणि मग तुम्ही ठेवायचं, असं नसतं, तू म्हणत होतीस. डोळे दिलेत ना देवाने, मग बघत जा. आणि या कुत्र्याला कुणी आत घेतलं, पाय पुसल्याशिवाय आत घ्यायचं नाही हे किती वेळा सांगायचं. दोन मिनिटं तू थांबली नाहीस. श्वास भक्कम, आवाज खणखणीत. मी फाटकाला टेकून ऐकत उभा होतो. अंग गार पडायला लागलं तेव्हा आठवलं की थांबल्यावर वरचा थर लगेच घालायचा असतो. तो घातला. मग उरलेल्या दोन फेऱ्या केल्या.

नवस सुटला तरी भीती एवढ्यात सुटायची नाही. तिला वेळ लागेल. उद्याही चालायला जाईन, उद्याही फाटकातून फोन करीन, याच वेळेला. तू माझ्याशी बोलू नकोस. तेवढा वेळ फक्त फोनच्या जवळपास कुणाला तरी रागवत राहा.